आधी रिलीज, मग टेस्टिंग

मंडळी, या शनिवारचा विषय ऐकून काही जण लगेच खिडकी बंद करतील याची मला कल्पना आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आपल्या वयाला याचं काय? तर थेट काही नाही. पण आपले बाबा आता पंचावन्न-साठच्या घरात आलेत. त्यांच्या हातात दर वर्षी 'फुल बॉडी चेकअप'चा रिपोर्ट पडतो आणि त्यातला एखादा आकडा लाल किंवा ठळक छापलेला असला की तो पीडीएफ आपल्याला फॉरवर्ड होतो. 'बघ रे जरा, तू इंजिनियर आहेस ना' :-)

मी डॉक्टर नाही. पण या दोन तपासण्यांचा इतिहास वाचायला बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. कारण ही गोष्ट अगदी आपल्या धंद्यातली निघाली. एक फीचर नीट टेस्ट करून मग रिलीज झालं. दुसरं आधी रिलीज झालं आणि टेस्टिंग नंतर सुरू झालं. पुढे काय होतं हे आपण सगळे जाणतो. फक्त इथे बग म्हणजे माणसं होती.

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. अँडी ग्रोव्ह, इंटेलचा प्रमुख. १९९४ साली, वय ५८, नव्या डॉक्टरने रुटीन म्हणून त्याची पीएसए नावाची रक्ततपासणी केली. रिझल्ट आला ५. रिपोर्टवर वरची मर्यादा छापलेली होती ४. ग्रोव्ह मुळात केमिकल इंजिनियर. त्याने आधी हे पाहिलं की हे मोजमाप तरी विश्वासाचं आहे का. पुन्हा रक्त दिलं ते वेगवेगळ्या दोन लॅबना, आणि आकडे जवळपास सारखेच आले. बायॉप्सीत कॅन्सर निघाला. मग गड्याने रिसर्च पेपर गोळा केले, त्यातल्या टेबलांवरून स्वतः ग्राफ काढले, वेगवेगळ्या डॉक्टरांना भेटला. आणि त्याच्या लक्षात आलं की सर्जन म्हणतो ऑपरेशन, रेडिएशनवाला म्हणतो रेडिएशन, आणि या दोन्हींची समोरासमोर, प्रामाणिक तुलना कोणी केलेलीच नाही. शेवटी त्याने रेडिएशनचा एक प्रकार निवडला आणि मे १९९६ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकात हा सगळा अनुभव स्वतःच्या नावाने लिहिला. मुखपृष्ठावर त्याचाच फोटो. त्यानंतर तो वीस वर्षं जगला, २०१६ मध्ये गेला.

एवढ्या मोठ्या माणसाने या आजाराबद्दल उघड लिहिणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांना १९८१ मध्ये, निवडून आल्यावर काही महिन्यांतच, प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या अवस्थेत सापडला. तब्येतीचं पत्रक नियमित जाहीर करू असं आश्वासन त्यांनी देशाला दिलं होतं. पत्रकं निघतही राहिली, पण खरा आजार १९९२ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षं, देशाला कळला नाही. पुरुष, वय झालेले, आणि 'तिथलं' दुखणं. बोलायचं कोणी?

पण ग्रोव्हच्या लेखातली मला जास्त टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. १९९६ साली, अमेरिकेत, हवे तेवढे पैसे आणि हवे ते डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाला डेटा का मिळाला नाही? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयाप्रमाणे ही ग्रंथी बहुतेकांची वाढते, नळीवर दाब येतो आणि मग रात्री तीन-तीनदा उठणं, धार बारीक होणं, जोर लावावा लागणं वगैरे सुरू होतं. ही नुसती वाढ आहे, कॅन्सर नव्हे. गंमत (की दुर्दैव) अशी की प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही, कारण तो ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून लांब सुरू होतो. म्हणजे ज्याला त्रास होतोय त्याला बहुतेक वेळा कॅन्सर नसतो आणि ज्याला सुरुवातीचा कॅन्सर आहे त्याला त्रास नसतो.

दुसरी विचित्र गोष्ट १९३५ सालीच कळली होती. जॉन्स हॉपकिन्समधले अर्नोल्ड रिच यांनी पन्नाशी ओलांडलेल्या, भलत्याच कारणांनी वारलेल्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत प्रोस्टेट तपासली. साधारण १४ टक्के लोकांत कॅन्सर सापडला. या लोकांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्या अभ्यासांत हेही दिसलं की वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतच जातं. थोडक्यात, प्रोस्टेटचे कॅन्सर दोन स्वभावांचे. एक, जो हाडांत पसरतो आणि जीव घेतो. दुसरा, जो कोपऱ्यात पडून राहतो आणि माणूस म्हातारपणी दुसऱ्याच कशाने तरी जातो. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांनाही नाव एकच, कॅन्सर. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं महाभारत त्यावरच आहे.

आता पीएसए. लांब नाव प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. नावातच त्याची मर्यादा आहे. ते प्रोस्टेटचं खास प्रोटीन आहे, कॅन्सरचं नाही. निरोगी ग्रंथीही ते तयार करते. ग्रंथी वाढली, तिला सूज आली, लघवीचं इन्फेक्शन झालं, तरी रक्तातला आकडा चढतो. रिचर्ड ॲब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या अशा खास अँटिजेनबद्दल लिहिलं. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, रॉसवेल पार्क इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. १९८६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या तपासणीला मंजुरी दिली. पण कशासाठी? ज्यांना कॅन्सर आहे हे आधीच माहीत आहे, त्यांच्यावर उपचारानंतर लक्ष ठेवण्यासाठी. या कामासाठी ती उत्तम आहे, आजही.

पण एकदा का लॅबमध्ये मशीन आलं की ते एवढ्याचसाठी कोण वापरणार? धडधाकट लोकांचंही पीएसए तपासायला सुरुवात झाली. १९९१ मध्ये विल्यम कॅटालोना यांच्या टीमचा पेपर आला की निरोगी दिसणाऱ्या पुरुषांत कॅन्सर शोधायला ही तपासणी उपयोगी पडते. कॅन्सर 'सापडतो' हे खरंच होतं. पण सापडल्यामुळे माणसं 'वाचतात' का, हा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर त्या पेपरात नव्हतं. तरीही मोफत शिबिरं, जाहिराती, जनजागृती सगळं सुरू झालं. १९९४ मध्ये एफडीएने पन्नाशीपुढच्या पुरुषांत कॅन्सर लवकर शोधण्यासाठीही मंजुरी दिली. तोवर गाडी केव्हाच सुटली होती. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरच्या नव्या रुग्णांचा आलेख १९९२ मध्ये शिखरावर पोचला होता. रोग वाढला नव्हता, शोध वाढला होता.

आणि तो ४ चा आकडा? निरोगी पुरुषांची रक्तं तपासून बहुतेकांचा आकडा कुठे संपतो ते पाहिलं आणि तिथे रेघ मारली. आपण अलर्टसाठी थ्रेशोल्ड ठेवतो तसाच हा थ्रेशोल्ड. ४ च्या अलीकडे सुखरूप आणि पलीकडे कॅन्सर, असं शरीरात काही नसतं. २००४ मध्ये एका मोठ्या अमेरिकन ट्रायलमधून हे चांगलंच सिद्ध झालं. ज्यांचा पीएसए ४ किंवा त्याहून कमी होता अशा २९५० पुरुषांची ठरल्याप्रमाणे बायॉप्सी झाली, तर त्यातल्या १५ टक्क्यांत कॅन्सर निघाला. आणि उलट बाजूने, ज्यांचा आकडा वाढलेला येतो त्यांच्यातल्या साधारण चारपैकी तिघांना कॅन्सर नसतोच. फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह, दोन्हीकडून मार.

'बरं मग, जास्तीची तपासणी झाली तर बिघडलं काय?' असं वाटेल. बिघडतं ते पुढे. बायॉप्सी म्हणजे सुया टोचून ग्रंथीचे तुकडे काढणं. त्यात तो 'कोपऱ्यात पडून राहणारा' कॅन्सर सापडला तर? कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर 'असू दे' म्हणणारा घरात कोण निघतो? मग ऑपरेशन नाहीतर रेडिएशन. ग्रंथीला लागून लघवी धरून ठेवणारा स्नायू आणि लैंगिक क्षमतेच्या नसा असतात. जॉन्स हॉपकिन्सच्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये या नसा वाचवून ऑपरेशन करण्याची पद्धत आणली, त्याने खूप फरक पडला. तरीही अनेक पुरुषांना नंतर पॅड वापरावं लागलं, अनेकांचं वैवाहिक आयुष्य संपलं. याबद्दल तर त्यांनी कोणाशीच बोलायचं नव्हतं. २००९ मधल्या एका हिशोबाप्रमाणे १९८६ पासून अमेरिकेत, पीएसए नसता तर निदानच झालं नसतं अशा दहा लाखांहून अधिक पुरुषांवर उपचार झाले. त्यातले काही नक्कीच वाचले. पण कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. उपचारानंतर वीस वर्षं जगलेला प्रत्येक जण मनापासून म्हणणार की मला त्या टेस्टने वाचवलं. ज्याला काही होणारच नव्हतं तोही तेच म्हणणार.

शेवटी ट्रायल झाल्या. दोन मोठ्या. अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये सुमारे ७६ हजार पुरुष आणि युरोपातली त्याहून मोठी, सात देशांतले १ लाख ६२ हजार. दोन्हींचे निकाल मार्च २००९ मध्ये एकाच वेळी छापून आले आणि ते एकमेकांविरुद्ध! अमेरिकेत फायदा दिसला नाही. युरोपात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी दिसले, पण तेव्हाच्या हिशोबाने एक मृत्यू टाळायला १४१० जणांना तपासणीला बोलवावं लागत होतं आणि ४८ जास्तीच्या रुग्णांवर उपचार करावे लागत होते.

अमेरिकन ट्रायलमध्ये काय झालं ते आपल्याला चटकन कळेल. ए-बी टेस्ट करायची आहे. ए गटाला फीचर द्यायचं, बी गटाला नाही. पण फीचर आधीच सगळ्यांच्या फोनवर आहे! बी गटातल्या निम्म्याहून जास्त पुरुषांनी आपापल्या डॉक्टरकडे जाऊन पीएसए करून घेतला होता. म्हणजे तुलना झाली ती तपासलेल्यांची आणि तपासलेल्यांचीच. हजारो लोकांना वर्षानुवर्षं फॉलो करून, करोडो डॉलर खर्चून, मूळ प्रश्न तसाच राहिला. आधी रिलीज केल्याचा सगळ्यात मोठा तोटा मला हा वाटतो. नुकसान तर होतंच, पण नुकसान किती झालं हे मोजायला लागणारा कंट्रोल ग्रुपच हातातून जातो.

ॲब्लिन यांनी स्वतः २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सरसकट पीएसए तपासणीवर टीका केली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने कोणत्याच वयाच्या पुरुषाने स्क्रीनिंगसाठी पीएसए करू नये अशी शिफारस केली. २०१८ मध्ये तीच समिती मधल्या रस्त्यावर आली. ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावं आणि सत्तरीनंतर करू नये. लोलक या टोकाकडून त्या टोकाकडे आणि मग मध्ये.

या मधल्या रस्त्याला कारण आहे. ग्रोव्हला १९९६ मध्ये हवी असलेली तुलना ब्रिटनमध्ये झाली. प्रोटेक्ट नावाच्या ट्रायलमध्ये १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, रेडिएशन, आणि उपचार न करता नियमित लक्ष ठेवणं. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा निकाल आला. तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले लोक साधारण ३ टक्केच, गटागटांत म्हणण्यासारखा फरक नाही. लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही खरं. पण 'सापडला की लगेच कापा' ही घाई बहुतेकांना लागू नाही हे कळलं. आता बायॉप्सीच्या आधी एमआरआय करतात, त्यामुळे कितीतरी सुया वाचतात. युरोपच्या ट्रायलचा तेवीस वर्षांचा हिशोब २०२५ मध्ये आला, त्यात एक मृत्यू टाळायला बोलावलेले ४५६ आणि जास्तीची निदानं १२. म्हणजे टेस्ट टाकाऊ नव्हती. ती कोणी, कधी आणि पुढे काय करण्याच्या तयारीने करावी, हे कळायलाच तीसेक वर्षं गेली.

आता दुसरी गोष्ट. ही नाकाला रुमाल लावून वाचायची आहे :-)

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका साध्या गाठीपासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहाएक वर्षं लागतात. सगळ्या पॉलिपचा होत नाही, पण होतो तो बहुधा त्यातूनच. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या कथबर्ट ड्यूक्स आणि नंतर बेसिल मॉर्सन यांनी काढलेली आतडी वर्षानुवर्षं तपासून ही साखळी मांडली. वाढणारी गाठ अधूनमधून थोडंथोडं रक्त सोडते, इतकं थोडं की डोळ्यांना दिसत नाही.

हे न दिसणारं रक्त पकडायची युक्ती १८६० च्या दशकातली, फान डेन नावाच्या डच शास्त्रज्ञाची. ग्वायाक झाडाचा डिंक, त्यात रक्त आणि पेरॉक्साइड आलं की रंग निळा होतो. शंभर वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायोमधले डॉक्टर डेव्हिड ग्रीगोर यांनी ती घरी नेण्याजोगी केली. डिंक लावलेल्या कागदाची छोटी कार्डं पेशंटला द्यायची, त्याने घरी काडीने शौचाचा नमुना लावायचा आणि कार्ड परत पाठवायचं. ना मशीन, ना सुई. यापेक्षा स्वस्त प्रॉडक्ट सुचवून दाखवा.

साधारण त्याच सुमाराला, १९६९ मध्ये, न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये विल्यम वूल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचिक दुर्बिणीने पूर्ण मोठं आतडं तपासायला आणि तारेच्या फासाने पॉलिप आतल्या आतच काढायला सुरुवात केली. त्याआधी पॉलिप काढायचा म्हणजे पोट उघडायचं. इथेच या कॅन्सरचं गणित प्रोस्टेटपेक्षा वेगळं होतं. इथे कॅन्सर लवकर सापडतो एवढंच नाही, तो होण्याआधीच काढून टाकता येतो, आणि आतड्यातला एक पॉलिप काढल्याने माणसाचं रोजचं आयुष्य बदलत नाही.

इतकी स्वस्त आणि तर्काला पटणारी टेस्ट. पण इथे काही लोकांनी आधी मोजायचं ठरवलं. १९७५ पासून मिनेसोटा विद्यापीठाने ४६,५५१ लोक घेतले, वय ५० ते ८०. तीन गट: दर वर्षी कार्ड, एक वर्षाआड कार्ड, आणि काहीच नाही. आणि मग थांबले. निकाल आला १९९३ मध्ये. दर वर्षी कार्ड देणाऱ्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा आणि डेन्मार्कमधल्या फ्यूनचा असे आणखी दोन निकाल आले, एक वर्षाआड तपासणीचे, १५ आणि १८ टक्के. तीन देश, तीन टीम, उत्तर एकाच दिशेचं. मग इंग्लंडने छोटा पायलट केला आणि २००६ मध्ये देशभर कार्यक्रम सुरू केला. घरी पोस्टाने किट येतं. २०१९ पासून डिंकाच्या जागी माणसाचंच रक्त ओळखणारी फिट नावाची सुधारित टेस्ट आली, एकच नमुना पुरतो. वयोगट आता ५० ते ७४ आहे. अमेरिकेत तर २०२१ पासून ४५ व्या वर्षीच सुरुवात करा म्हणतात.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. ग्रीगोरचं कार्ड १९६७ चं, मिनेसोटाचा निकाल १९९३ चा, इंग्लंडचा कार्यक्रम २००६ चा. एकोणचाळीस वर्षं! या काळात जे लोक कार्डाने वाचले असते आणि वाचले नाहीत, त्यांचं काय? टेस्टिंगची किंमतही माणसंच देतात, ती फक्त कुठल्या रिपोर्टात दिसत नाहीत. 'आधी पुरावा' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं. आणि पुरावाही पूर्ण झालाय असं नाही. दुर्बिणीनेच सगळ्यांना तपासावं का, याची युरोपातली मोठी ट्रायल २०२२ मध्ये आली, तेव्हा बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक आले, आणि बोलावलेल्या गटात दहा वर्षांत कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी झाले तरी मृत्यूंमधला फरक स्पष्ट दिसला नाही. तरीही दोन्ही रस्त्यांची तुलना केली तर मला मिनेसोटावाल्यांचा रस्ता पटतो. त्यांच्याकडे आज ठाम उत्तर आहे. पीएसएवाले अजून भांडतायत.

हे सगळं आपल्या बाबांपर्यंत कसं येतं?

भारत सरकारने २०१६ मध्ये कॅन्सर तपासणीची जी मार्गदर्शक रूपरेषा काढली त्यात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीन कॅन्सर आहेत. प्रोस्टेट आणि आतडं नाही. आपल्याकडे या दोन्हींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण मग शहरातल्या मध्यमवर्गासाठी ही जागा भरून काढली ती पॅकेजांनी. 'पुरुष, ५० प्लस' असं पॅकेज घेतलं की त्यात बऱ्याचदा पीएसए असतो. घेणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, आकडा वाढला तर पुढे काय करणार? आणि गंमत म्हणजे पुरावा ज्या टेस्टचा जास्त पक्का, ती शौचाच्या नमुन्याची टेस्ट पॅकेजात क्वचितच दिसते. रक्त काढायला माणूस घरी येतो, डबी कोण भरून देणार?

गेल्या महिन्यात रविवारी बाबांबरोबर टेकडीवर गेलो होतो. खाली कट्ट्यावर त्यांची मित्रमंडळी बसतात. राजकारण आणि गुडघे हे नेहमीचे विषय झाल्यावर एक काका हळूच म्हणाले, "माझा पीएसए पाच पॉइंट आठ आलाय. मुलाला सांगितलं नाही अजून." क्षणभर शांतता. मग दुसरे म्हणाले, "अहो, माझा तर सात होता. लघवीचं इन्फेक्शन निघालं. औषधं घेतली, दोन महिन्यांनी तीनवर आला." तिसऱ्यांनी विचारलं, "रात्री किती वेळा उठता तुम्ही?" आणि मग काय, बांध फुटल्यासारखे सगळे बोलायला लागले. इतक्या वर्षांत ज्यांनी एकमेकांना शुगर सोडून काही सांगितलं नव्हतं ते धारेपर्यंत आले. माझ्याकडे बघून थोडे ओशाळलेही.

पण मला काळजी वाटली ती वेगळ्याच काकांची. ते हसत म्हणाले, "माझं प्रोस्टेट एकदम ठणठणीत. फक्त मूळव्याध आहे. चार-पाच महिने झाले, मधूनमधून रक्त जातं. गावाकडचं औषध चालू आहे." कोणीच काही म्हणालं नाही. पाच पॉइंट आठवर दहा मिनिटं चर्चा झाली आणि चार महिन्यांच्या रक्तावर एक सेकंद नाही. बाबांनी मात्र त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "अण्णा, औषध राहू दे चालू, पण एकदा दुर्बिणीने बघून घ्या. मी येतो बरोबर." अण्णाकाका गेले. एक पॉलिप निघाला, तिथेच काढला. मूळव्याधही होतीच म्हणे.

'मूळव्याध' या शब्दाची मला आता भीतीच वाटते. बहुतेक वेळा रक्त मूळव्याधीचंच असतं, हे खरं. पण आपल्याकडे तो शब्द म्हणजे निदान नसून चौकशी बंद करायचं झाकण आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्या. वरची सगळी भांडणं, ट्रायली, ४५६ आणि १२, ही 'स्क्रीनिंग'बद्दल आहेत. म्हणजे काहीही त्रास नसलेल्या माणसाला तपासणं. ज्याला लक्षण आहे त्याला ही भांडणं लागू नाहीत. त्याने डॉक्टरकडे जायचं, बस्स. शौचातून रक्त, काही आठवडे टिकलेला सवयीतला बदल (कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, पोट साफ न झाल्याची भावना), कारण नसताना वजन उतरणं, आणि विशेषतः वय झालेल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना कमी येणं. हे शेवटचं तर त्याच पॅकेजच्या पहिल्या पानावर असतं आणि लोक 'पालक खा' म्हणून सोडून देतात. प्रोस्टेटच्या बाजूला लघवीतून रक्त, लघवी अडणं, कंबरेच्या हाडांत न जाणारी दुखणी. रात्री उठावं लागतं हे बहुतेक वाढलेल्या ग्रंथीचं असतं, पण तेही दाखवावं, त्यावर चांगली औषधं आहेत.

आणि त्रास काहीच नसेल तर? पीएसए करायचा की नाही हे बाबांनी आधी डॉक्टरशी बोलून ठरवावं, रक्त दिल्यावर नाही. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेट कॅन्सर झाला असेल तर ते बोलणं लवकर व्हावं. आकडा वाढलेला आला तर घाबरून थेट सुईकडे जाऊ नये. इन्फेक्शन बघावं, काही आठवड्यांनी टेस्ट पुन्हा करावी, गरज पडली तर एमआरआय. आतड्याची शौचतपासणी पन्नाशीनंतर करावी का हेही त्याच भेटीत विचारावं, आणि घरात कोणाला तो कॅन्सर झाला असेल तर नक्कीच.

ग्रोव्हने १९९६ मध्ये जो डेटा स्वतः टेबलं जुळवून काढला, त्याहून कितीतरी पक्का डेटा आज कोणालाही फुकट वाचता येतो. तो तयार व्हायला लाखो पुरुषांनी स्वतःला चिठ्ठीच्या स्वाधीन केलं आणि काहींनी फार मोठी किंमत दिली. बाबांना पुढच्या वेळी लाल आकड्याचा पीडीएफ आला तर तो परत गूगल करून पाठवू नका. फोन करा. लघवीबद्दल, शौचाबद्दल सरळ विचारा. पहिली दोन मिनिटं दोघांनाही अवघड जातील. मला तरी गेली.

असो. बराच लांबला लेख. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहितो, प्रॉमिस.